चुंबकीय वादळ आणि उशाजवळचा मोबाईल

संपादक महोदय, स. न. वि. वि.

सौर वादळाची, म्हणजे सूर्याकडून आलेल्या कणांच्या झोताने पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र ढवळून निघण्याची, बातमी आली की आमच्या इंदूरच्या कॉलनीत ‘रात्री मोबाईल उशाशी ठेवू नका’ हा निरोप हमखास फिरतो. त्या निरोपात तथ्य नाही; घोर लागायचाच असेल तर उपग्रह, जीपीएस आणि वीजवाहिन्यांचा लागावा. मे २०२४ च्या वादळात लडाखच्या हानले येथून ध्रुवीय प्रकाशाने आकाश लाल दिसले, तेव्हा काही उत्साही मंडळी गच्चीवरही चढली. कर्कवृत्ताच्या खाली असलेल्या इंदुरात ते दिसणार कुठून?

या वादळांत पृथ्वीच्या चुंबकीय कवचाचे काय होते हे मोजणाऱ्या मोहिमांबद्दल मात्र अवाक्षर छापून येत नाही. युरोपच्या ‘क्लस्टर’चे पहिले चारही उपग्रह १९९६ मध्ये एरियन-५ रॉकेटबरोबर मिनिटाच्या आत खाक झाले. तरी जिद्दीने नवे चार बांधून २००० मध्ये सोडले. दोन वर्षांसाठी आखलेले काम २०२४ पर्यंत चालले! चार कशाला? एकटा उपग्रह चुंबकीय क्षेत्र बदलल्याचे सांगतो, पण बदल तिथे घडला की उपग्रहच सरकून दुसऱ्या भागात शिरला, हे त्याला कळत नाही. चौघे चार कोपऱ्यांत असले की ते उलगडते. नासाच्या २०१५ च्या ‘एमएमएस’ या अशाच मोहिमेतही म्हणूनच चार आहेत. या नोंदी कुणालाही मोफत पाहता येतात.

इथल्या मराठी मंडळांनी व्याख्यानमालेतले एखादे पुष्प या विषयाला द्यावे. आपणही रविवारी अर्धे पान द्या. राशिभविष्य थोडे आखडते घेतले तरी चालेल.

— एक वाचक, इंदूर