गादीसारखी जमीन

ती. आई-बाबांना,
शि. सा. नमस्कार.

परवा कॅनडाहून, ताईच्या घरून, फोनवर आई म्हणाली, "इथल्या रानात पाय टाकला की गादीवर चालल्यासारखं वाटतं, आणि झाडं मात्र उभ्या उभ्या राखाडी होऊन गेलीत." तेवढ्यात पाटाचं पाणी बांध फोडून पोफळींत शिरलं, म्हणून मी घाईत फोन ठेवला. आज सकाळपासून पाऊस धरून आहे आणि कॉलेजला सुट्टी आहे, तर सगळं नीट लिहितो. एक गोष्ट सांगायचीही राहिली आहे. फोनवर ती सांगायला जीभ रेटली नाही.

आधी आईची गादी. आपल्या कुळागरात पोफळींखाली पडलेली पानं, तो सगळा पातेरा, एका पावसाळ्यात मातीला मिळतो. ताईच्या गावाकडे, प्रिन्स जॉर्जला, वर्षातले कितीतरी महिने जमीन गारठलेली असते. त्यात पाइन आणि स्प्रूसच्या सुया, म्हणजे त्या झाडांची पानं, चिवट नि आंबट. बुरशीला आणि जिवाणूंना काम करायला दिवसच थोडे मिळतात. एका वर्षाच्या सुया कुजून संपायच्या आत पुढच्या वर्षाच्या येऊन पडतात. असे थरावर थर साचतात, आणि त्यांत व खालच्या मातीत झाडांनी हवेतून घेतलेला कार्बन वर्षानुवर्षं पडून राहतो. अगदी उत्तरेकडच्या जंगलपट्ट्यात तर झाडांत जेवढा कार्बन आहे त्याहून जास्त जमिनीत आहे. आई, तुझा पाय नेमका त्या कोठारावर पडला होता.

आता ती राखाडी झाडं. हे काम तांदळाच्या दाण्याएवढ्या एका काळ्या भुंगेऱ्याचं. तो पाइनची साल पोखरून आत शिरतो, तिथे अंडी घालतो आणि अंगावरून एक बुरशी घेऊन जातो. ती बुरशी लाकडाला निळं करते आणि झाडाचं पाणी तोडते. पुढच्या उन्हाळ्यात झाड लाल होतं, आणखी दोन-तीन वर्षांनी सुया झडून राखाडी. हा भुंगेरा तिथलाच, परका नव्हे. पण बाबा, तुम्ही जशी दिवाळीनंतर कोयता घेऊन प्रत्येक काजूचा बुंधा अळीसाठी बघत फिरायचात, तशी त्या रानात थंडी फिरायची. पारा उणे ४० च्या आसपास काही दिवस राहिला की सालीखालच्या अळ्या मरत. हिवाळे सौम्य झाले आणि ती फेरी चुकू लागली. १९९० च्या दशकात सुरू झालेल्या या एका साथीने ताईच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातलं सुमारे १ कोटी ८० लाख हेक्टर रान गाठलं. आपल्या गोव्यासारखे जवळजवळ ४८ गोवे त्यात बसतील. २००६ च्या सुमाराला भुंगेरे मोठ्या संख्येने रॉकी पर्वत ओलांडून शेजारच्या अल्बर्टा प्रांतात उतरले. कॅनडाच्या वनशास्त्रज्ञांनी २००८ मध्ये हिशेब मांडला, की २००० ते २०२० या काळात या साथीपायी २७ कोटी टन कार्बनचा फटका बसेल; जे रान हवेतला कार्बन ओढत होतं, तेच तो सोडू लागेल.

माझा विषय मातीचा, त्यामुळे मला जमिनीखालचं जास्त छळतं. जिवंत झाड मुळांतून साखर खाली पाठवतं आणि त्यावर मुळांना बिलगलेली बुरशी जगते. झाड मेलं की हा पुरवठा बंद. मुळांचा श्वासही थांबतो, म्हणून काही ठिकाणी जमिनीतून निघणारा कार्बन डायऑक्साइड सुरुवातीला उलट कमीच झालेला आढळला. पाचोळा मात्र वेगळा पडतो. निरोगी झाड सुई टाकण्याआधी तिच्यातला नायट्रोजन परत ओढून घेतं. मारलेल्या झाडाला ती सवड मिळत नाही, सुई भरलेलीच खाली येते. स्वीडनच्या उत्तर टोकाला आबिस्कोकडे बर्च झाडांची पानं फस्त करणाऱ्या अळ्यांची विष्ठाही अशीच खतासारखी जमिनीवर पडते, आणि तिथे मुळांची बुरशी घटून कुजवणारी बुरशी वाढलेली दिसली. त्यात जमीन ऊबदार झाली की कुजण्याचा वेग वाढतो. वर सुकं लाकूड असतं, त्याला आग लागली तर गादीच जळते. २०२३ मध्ये ब्रिटिश कोलंबियात २८ लाख हेक्टरांवर जंगल जळालं.

तरी ताईला म्हणावं, राखाडी खोडांच्या मधली कोवळी रोपंही तुम्हाला दाखव. उजेड मिळाला की ती भराभर उठतात आणि गेलेल्यातलं थोडं परत आणतात. मला त्यांचा फार आधार वाटतो.

आता ती राहिलेली गोष्ट. वरच्या भाटातली ताईच्या जन्माच्या वर्षी लावलेली काजू गेली. रोठा लागला. यंदा दिवाळीनंतर बुंधे बघायला मी गेलोच नाही, परीक्षांचे पेपर तपासत बसलो. मे महिन्यात पानं पिवळी दिसली तेव्हा गेलो. बुंध्याशी भुसा आणि डिंक साचलेला. साल काढली तर बोटाएवढ्या पांढऱ्या अळ्या, आणि साल चारी बाजूंनी पोखरून झालेली. तिथेच बराच वेळ बसून राहिलो. अळ्या मुळांत उतरल्या होत्या, शेजारची झाडं वाचवायला ती मुळासकट काढावी लागली. बाबा, चूक माझी आहे. बाकी सगळे बुंधे मी एकेक करून तपासले, आणखी दोन झाडांत सुरुवात होती, ती वाचतील असं वाटतं.

मुळं काढली त्या जागी माती काळी, भुसभुशीत निघाली. इतक्या वर्षांचा पातेरा तुम्ही कधी कुणाला जाळू दिला नाहीत, तोच तो. पाऊस लागायच्या आत त्यावर झावळ्या टाकून ठेवल्या, वाहून जाऊ नये म्हणून. खड्डा अजून मोकळा आहे. कलम काजूचंच लावू की कोकम, ते कळवा. नाहीतर चवथीला येताच आहात, तोवर थांबतो.

आईने तिकडच्या गारव्यात गुडघ्याला तेल लावायचं विसरू नये.

तुमचा,
बाळ