किती छापले ते कळले, पण शोधले काय?

मा. संपादक,
स. न.

कोकणच्या सुपुत्राने मेंदूविज्ञानात मारलेल्या भरारीची बातमी कालच्या अंकात वाचली. आपल्याकडचा मुलगा परदेशातल्या प्रयोगशाळेत मेंदूवर काम करतो याचा मलाही आनंद आहे, त्याचे मनापासून अभिनंदन. पण अर्धे पान खर्चून आपण सांगितले काय? शोधनिबंध किती, सायटेशन्स (इतर निबंधांनी दिलेली उद्धरणे) किती, एच-इंडेक्स किती. त्याने मेंदूतले नेमके काय शोधले, यावर एक वाक्य नाही. काम स्मृतीवर आहे की अपस्मारावर, उंदरांवर की माणसांवर, काहीच पत्ता लागत नाही.

शिवाय एच-इंडेक्सपुढे टक्क्याचे चिन्ह छापले आहे. तो टक्का नसतो हो. प्रत्येकी किमान १० वेळा उद्धृत झालेले १० निबंध असले की एच-इंडेक्स १०. होर्हे हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये काढलेली ही मोजणी. ज्याचे दोनच निबंध आहेत त्याचा आकडा दोनच्या वर जाऊच शकत नाही, मग त्या दोन निबंधांनी सगळे शास्त्र बदलले तरी.

मला इतका राग येण्याचे कारण घरचे आहे. माझी मुलगी चेतापेशींवर काम करते. काचेच्या, टोकाशी केसाहून बारीक नळीने एकेका पेशीतला विद्युतप्रवाह मोजायचा, त्याला पॅच-क्लॅम्प म्हणतात. नळी पेशीला नीट चिकटली तर नशीब, नाहीतर दिवस फुकट. पीएच.डी.तून तिचा एकच निबंध निघाला, पण त्यातली एकेक नोंद तिने पुन्हा पुन्हा ताडून पाहिली होती. एका महाविद्यालयात मुलाखतीला गेली, तर समितीतल्या गृहस्थांनी तो उघडलाही नाही. "एकच?" म्हणाले आणि तो ज्यात छापला त्या जर्नलचा, म्हणजे शोधपत्रिकेचा, इम्पॅक्ट फॅक्टर विचारला. अहो, तो आकडा जर्नलचा असतो. आधीच्या दोन वर्षांतल्या लेखांना सरासरी किती उद्धरणे मिळाली त्याचा. माझ्या मुलीच्या निबंधाबद्दल तो काय सांगणार? नेमणूक झाली ती लांबलचक यादीवाल्याची. यादीतली बरीच जर्नल्स पैसे भरले की छापणारी. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०१० मध्ये प्राध्यापकांच्या नेमणुका-बढत्यांसाठी निबंधागणिक गुण देणे सुरू केले आणि असली जर्नल्स बोकाळली. मे २०१८ मध्ये यूजीसीलाच आपल्या मान्य जर्नल्सच्या यादीतून ४,३०५ जर्नल्स काढावी लागली. माझ्या मुलीची नोकरी तोवर हुकली होती.

आणि उद्धरणे भरपूर म्हणजे काम खरे, असेही नाही. अल्झायमरवरचा 'नेचर' या विज्ञानपत्रिकेतला २००६ चा एक गाजलेला निबंध दोन हजारांहून अधिक वेळा उद्धृत झाला. प्रतिमांमध्ये फेरफाराच्या खुणा सापडल्यामुळे २०२४ मध्ये तो मागे घेतला गेला. मधल्या काळात किती जणांनी त्याच्या भरवशावर आपली वर्षे घातली असतील!

कोकणाला अभिमान वाटावा असे काम पाहायचे तर महाडला जा. लाल विंचवाचे विष चेतातंतूंतल्या सोडियमच्या वाहिन्या उघड्याच ठेवते, अंगात अॅड्रेनॅलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा येतो, हृदय थकते, फुप्फुसांत पाणी भरते. चिरे हलवताना, पेंढा काढताना चावलेली धडधाकट माणसे आणि पोरे अशी जात. डॉ. हिम्मतराव बावस्करांनी बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात रुग्णांच्या उशाशी बसून हे पाहिले, टिपले आणि प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी वापरली. १९८२ आणि १९८६ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय जर्नलने ते छापले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचा एच-इंडेक्स आमच्या गावात कुणी विचारलेला नाही, गोळीचे नाव मात्र ठाऊक आहे. ती गोळी प्रत्येक आरोग्य केंद्रात आज शिल्लक आहे का, ही बातमी आपल्या वार्ताहराने कधी का आणू नये?

कालच्या तरुणाला पुन्हा फोन करावा आणि त्याचे काम त्याच्याच तोंडून, दहावीच्या मुलांना कळेल असे छापावे. तो आनंदाने सांगेल, संशोधकांना हे कुणी विचारतच नाही. आणि हे पत्र छापलेत तर महाडचा परिच्छेद कापू नये. माझ्या मागच्या पत्रातला नेमका मुद्द्याचा भाग गाळून नुसते अभिनंदन छापले होते.

आपली,
एक निवृत्त प्राध्यापिका (प्राणिशास्त्र), दापोली