धर्मवचन छापताना अनुवादकाचे नावही छापावे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या वृत्तपत्रातील चिंतनपर सदरांत आणि वाचकांच्या पत्रांतही धर्मग्रंथांतील वचने वारंवार उद्धृत होतात आणि पुष्कळदा त्यांच्या जोडीला ‘मूळ शब्दाचा खरा अर्थ असा आहे’ असे एक वाक्य येते. वाद मिटवायला हे वाक्य सोयीचे असते, पण ज्या प्राचीन भाषेचा हवाला दिला जातो तिच्यातच तो अर्थ कितपत पक्का होता, हे विचारायचे मग राहून जाते. मी या भाषांचा पंडित नाही. निरनिराळे अनुवाद शेजारी ठेवून वाचण्याची सवय मात्र जुनी आहे आणि तिच्या आधारेच हे लिहीत आहे.

प्राचीन हिब्रू लिहिताना बहुतेक स्वर लिहीत नसत. आपल्याकडे कोणी काना, मात्रा, वेलांट्या गाळून नुसते ‘कळ’ लिहिले, तर तो काळ, केळी की कोळी हे आजूबाजूच्या मजकुरावरूनच ठरवावे लागेल. तसाच हा प्रकार. बायबलच्या ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकात 47व्या अध्यायाच्या अखेरीस मरणाच्या दारात असलेला याकोब नमन करतो, त्या ठिकाणी म-ट-ह एवढीच अक्षरे आहेत. ती ‘मिट्टा’ अशी वाचली तर पलंग आणि ‘मट्टे’ अशी वाचली तर काठी. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकाच्या सुमारास अलेक्झांड्रियात ग्रीक अनुवाद करणाऱ्यांनी काठी वाचली. अनेक शतकांनंतर स्वरचिन्हे देणाऱ्या मॅसोरेट या यहुदी पंडितांनी पलंग वाचला. नव्या करारातील इब्री लोकांस पत्र ग्रीकमध्ये लिहिलेले असल्याने तेथे याकोबापाशी ग्रीक अनुवादातली काठी आली. पुष्कळ आवृत्त्यांत म्हणूनच एकच म्हातारा एका पुस्तकात पलंगाच्या उशाशी वाकतो आणि दुसऱ्यात काठीवर टेकतो. संस्कृतात ही अडचण नाही असे वाटत असेल, तर व्याकरणकार पतंजलीने महाभाष्यात दिलेला ‘इन्द्रशत्रु’चा दाखला आठवावा. शेवटच्या अक्षरावर स्वर, म्हणजे उच्चाराचा आघात, दिला तर इंद्राला मारणारा, पहिल्यावर दिला तर इंद्राकडून मरणारा. आघाताच्या खुणांवाचून छापलेल्या पानावर दोन्ही शब्द सारखेच दिसतात.

पण लिपीपेक्षाही अवघड असतो तो ज्याचा अर्थ कोणालाच नीट माहीत नाही असा शब्द. ‘आमची रोजची भाकर आज आम्हांस दे’ ही ख्रिस्ती प्रार्थनेतील ओळ किती साधी वाटते! त्यातील ‘रोजची’ या शब्दाच्या जागी ग्रीकमध्ये ‘एपिऊसिओस’ असे विशेषण आहे. ज्याची मातृभाषाच ग्रीक अशा ओरिजेन या ख्रिस्ती विद्वानाने तिसऱ्या शतकात नोंदवून ठेवले आहे की, हा शब्द विद्वानांच्या लेखनात नाही आणि लोकांच्या बोलण्यातही नाही, तो शुभवर्तमानकारांनीच, म्हणजे येशूचे चरित्र लिहिणाऱ्यांनीच, घडवलेला दिसतो. त्याची फोड ‘येणाऱ्या दिवसाची’ अशी करता येते, ‘जगण्यापुरती’ अशी करता येते, आणि थोडी ओढाताण केली तर ‘लौकिक अन्नापलीकडची’ अशीही करता येते. चौथ्या शतकाच्या अखेरीस बायबलचा लॅटिन पाठ सुधारताना जेरोम या ख्रिस्ती पंडिताने काय केले पाहा. मत्तयाच्या शुभवर्तमानात त्याने या शब्दासाठी ‘द्रव्यातीत’ अशा अर्थाचा जड शब्द घातला आणि लूकच्या शुभवर्तमानात त्याच शब्दासाठी ‘रोजची’ हा जुना लॅटिन शब्द राहू दिला. शिवाय मत्तयावरील भाष्यात, ‘इब्री लोकांचे शुभवर्तमान’ या बायबलबाहेरच्या ग्रंथात आपल्याला ‘उद्याची’ अशा अर्थाचा शब्द आढळला, हेही तो सांगतो. एकच अनुवादक, एकच शब्द आणि तीन अर्थ! लोकांच्या तोंडी मात्र ‘रोजची’च टिकली. ‘भाकर’ हीसुद्धा निवडच आहे, कारण ग्रीक शब्द आहे पावाचा. मला ती निवड अतिशय पसंत आहे. फक्त ती निवड आहे, एवढे लक्षात असावे.

अशा शब्दांशी लोकांचे मन किती जडलेले असते, ते ऑगस्टीन या बिशपाने, म्हणजे ख्रिस्ती धर्माधिकाऱ्याने, जेरोमला लिहिलेल्या एका पत्रातून कळते. आज त्रिपोली म्हणतात त्या ओईया नगरातील बिशपाने जेरोमचा नवा अनुवाद मंदिरात वाचायला घेतला. बायबलमधील योना या संदेष्ट्यावर सावली धरणारी वनस्पती जुन्या पाठात भोपळ्याचा वेल होती, ती नव्या पाठात आयव्ही झाली. एवढ्या एका शब्दावरून उपासकांत असा गदारोळ उठला की, मंडळी आपल्याला सोडून जातील या भीतीने बिशपाला जुना शब्द पुन्हा घ्यावा लागला. जेरोमने उत्तरात सांगितले की, त्या झुडपाला लॅटिनमध्ये नावच नाही. आजचे बहुतेक अभ्यासक ते झुडूप एरंडाचे होते असे मानतात, म्हणजे भांडण झाले ते दोन चुकीच्या वेलींवरून.

आपण ‘पश्चात्ताप करा’ असे वाचतो, त्याच्या मागे ‘मेटानोइया’ हा ग्रीक शब्द आहे आणि त्यात मन पालटण्यावर भर आहे. लॅटिन अनुवादातून त्याला प्रायश्चित्ताचा वास लागला; इरॅस्मस या विद्वानाने 1516मध्ये नव्या कराराचा ग्रीक पाठ छापून त्या अनुवादाला हात घातला आणि धर्मसुधारक लूथरच्या 1517च्या प्रबंधांतील पहिली दोन कलमे याच शब्दाभोवती आहेत. मात्र व्युत्पत्ती सापडली म्हणजे अर्थ सापडला, असेही नव्हे. वीणेत निपुण तो प्रवीण, अशी फोड आपल्याकडे सांगतात, पण सुताराला प्रवीण म्हणताना त्याच्या हाती वीणा कोणी शोधत नाही.

म्हणून माझी विनंती साधी आहे. कोणत्याही धर्माचे वचन मराठीत छापताना त्याखाली अनुवादकाचे किंवा आवृत्तीचे नाव आणि शक्य तेथे साल द्यावे. मिशनरी विल्यम केरी यांच्या पुढाकाराने बंगालमधील श्रीरामपूरहून 1805मध्ये निघालेल्या मत्तयाची मराठी वेगळी आणि पंडिता रमाबाईंनी हिब्रू-ग्रीकवरून केलेल्या बायबलची मराठी वेगळी, हे वाचकाला दिसू द्यावे. ग्रंथ छापणाऱ्यांनीही जेथे मूळ शब्दच संदिग्ध आहे तेथे पानाच्या तळाशी दुसरा अर्थ द्यायला कचरू नये. अशा टीपेने श्रद्धा डळमळते असा आक्षेप मी ऐकला आहे. परंतु जेरोमने स्वतःच्या शंका लपवल्या नाहीत आणि तरीही त्याचा अनुवाद हजाराहून अधिक वर्षे पश्चिमेकडील मंदिरांत वाचला गेला.

कळावे,
आपला नियमित वाचक