अकरावीत मॅथ्स आणि बायो दोन्ही मिळवून देणाऱ्या मॅडमना खुलं पत्र

प्रिय मॅडम,

सप्रेम नमस्कार. तुम्ही म्हणालात नाव लिहू नका, म्हणून तुमचं लिहीत नाहीये आणि शाळेचंही नाही, पण इंदूरला सुदामा नगरात आमच्या गल्लीत ज्यांची मुलं तुमच्याकडे शिकली ते दोन ओळीत ओळखतीलच. आभार फोनवर मानून झालेत, घरी पेढे घेऊन येऊनही झालंय, तरी हे उघडपणे लिहायचं होतं कारण तुम्ही जे केलंत ते किती मोठं होतं हे मला सगळं झाल्यावर नीट कळलं, आणि एप्रिल जवळ आला की आपल्याकडची मराठी घरं परत त्याच एका प्रश्नात अडकतात, मॅथ्स घ्यायचं का बायो.

आमच्याकडे पण तेच. तिच्या वर्षी दहावीची परीक्षा मार्चमध्ये संपली, रिझल्ट मे मध्ये येणार होता, आणि शाळेत अकरावी लागली एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे मार्क माहीत नसताना पोरीनं आयुष्याचं ठरवायचं. तिला दोन्ही हवं होतं. लहानपणापासून गणितं सोडवायला बसली की जेवायला उठायची नाही आणि दुसरीकडे गच्चीवर कुंडीतल्या अळ्या बाटलीत ठेवून त्यांचं फुलपाखरू होईपर्यंत वहीत चित्रं काढायची. शाळेच्या काउंटरवर सांगितलं की दोन्ही एकत्र होत नाही, एक काहीतरी टिक करा. भंवरकुआंला एका कोचिंगमध्ये गेलो तर तिथले म्हणाले शाळेत नुसतं नाव राहू द्या, डमी करून टाका, सकाळपासून इथेच बसवा, आणि हो, एकच एक्झाम पकडा, दोन दगडांवर पाय ठेवू नका. नातेवाईकांचं तर विचारूच नका, मुलगी आहे ना, मग बायो.

तेव्हा स्टाफरूमच्या बाहेर उभं राहून तुम्ही जे समजावलंत ते मी आजही लोकांना तसंच्या तसं सांगते. सीबीएसईमध्ये पाच सब्जेक्ट लागतात. इंग्लिश, फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायो, झाले की पाच! बोर्ड कुठे अडवतंय? अडवतंय टाइमटेबल. बहुतेक शाळांमध्ये सायन्सच्या एका सेक्शनमध्ये मॅथ्सची आणि बायोची मुलं एकत्र बसतात, इंग्लिश फिजिक्स केमिस्ट्री सोबत, आणि मग एका पीरियडला अर्धी मुलं मॅथ्सला जातात अर्धी बायोला, म्हणजे दोन्ही तास एकाच वेळी. बाकी काही कारण नाही. मला हे कोणी सांगितलंच नव्हतं हो, मला वाटायचं काहीतरी सरकारी नियम असेल.

आणि तुम्ही नुसतं सांगून थांबला नाहीत. दुसऱ्या सेक्शनचा मॅथ्सचा तास आमच्या सेक्शनच्या फिजिकल एज्युकेशनच्या तासावर आणला तर दोन्हीवाली मुलं आपल्या सेक्शनमध्ये बायो करतील आणि त्या वेळेला दुसऱ्या वर्गात जाऊन मॅथ्स करतील, कारण त्यांना फिजिकल एज्युकेशन किंवा कॉम्प्युटर हा पाचवा सब्जेक्ट नाहीच आहे, तो पीरियड त्यांचा तसाही रिकामा. हे तुम्ही घरी बसून कागदावर पूर्ण आठवड्याचं मांडून प्रिन्सिपलसमोर ठेवलंत. तुमचा स्वतःचा केमिस्ट्रीचा तास त्यामुळे शेवटच्या पीरियडला गेला, जो कोणत्याही टीचरला नको असतो. मागितलं कोणी नव्हतं. तीन-चार मुलांसाठी कोण एवढं करतं? आता शाळेत तो ऑप्शन फॉर्मवर छापलेला येतो आणि नवीन पालकांना वाटतं की हे नेहमीचंच आहे.

आता उन्हाळ्याच्या क्लासबद्दल लिहिते, कारण मला विचाराल तर खरा उपकार तिथे झाला. दहावीत नव्वदच्या वर मार्क आणणारी मुलं अकरावीच्या पहिल्या युनिट टेस्टमध्ये फिजिक्सला का आपटतात याचं कारण तुम्ही आम्हाला पुस्तकं उघडून दाखवलंत. फिजिक्सच्या सुरुवातीलाच वेग म्हणजे डेरिव्हेटिव्ह (एखादी गोष्ट किती झपाट्यानं बदलते ते) असं येतं, आणि मॅथ्सच्या पुस्तकात डेरिव्हेटिव्ह येतं अगदी शेवटी शेवटी. व्हेक्टर, म्हणजे ज्यांना दिशा पण असते अशी मापं, फिजिक्समध्ये अकरावीच्या पहिल्या टर्मला लागतात, मॅथ्समध्ये ते बारावीत शिकवतात. केमिस्ट्रीत पीएच काढायला लॉग लागतो, बारावीत नर्न्स्ट इक्वेशनला आणि फर्स्ट ऑर्डर रिअॅक्शनला लॉगशिवाय पान हलत नाही, परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नाही, आणि लॉग टेबल कसं बघायचं हे कोणत्याच तासाला कोणी नीट शिकवत नाही कारण प्रत्येक टीचरला वाटतं दुसऱ्यानं शिकवलं असेल. त्यात दहावीच्या एनसीईआरटीमधून पिरिऑडिक टेबलचा धडाच काढून टाकलेला, म्हणजे अकरावीत त्या मुलांसमोर ते सगळं एकदम नवीन. मुलं मठ्ठ नाहीत, मधली पायरी गायब आहे, हे तुम्ही इतक्या शांतपणे सांगितलंत की वर्गात बसलेल्या कितीतरी आयांच्या खांद्यावरचं ओझं उतरलं असेल.

आणि मग ती पायरी तुम्ही स्वतः बांधलीत, सुट्टीत, इंदूरच्या मे महिन्यात, शाळेच्या एका वर्गात ज्याचा कूलर चालला तर चालला. पैसे घेतले नाहीत. ग्राफवर चढ म्हणजे काय इथून सुरुवात करून डेरिव्हेटिव्हपर्यंत नेलंत, व्हेक्टरसाठी फरशीच्या चौकोनांवर मुलांना चालवलंत, आणि लॉग टेबलची पातळ पुस्तकं खजुरी बाजारातून स्वतः आणून वाटलीत. बायोवाल्या मुलांनापण तुम्ही बसवलंत, कारण तुमचं म्हणणं असं की मॅथ्स सोडलेल्या पोरांनाच फिजिक्समध्ये याची जास्त गरज पडते, त्यांना तर डेरिव्हेटिव्ह मॅथ्सच्या तासाला पुढेही कधी भेटणार नाही. हे किती बरोबर आहे! पण हे बघायला कोणालातरी दोन्ही विषयांची पुस्तकं शेजारी शेजारी ठेवून वाचावी लागतात.

त्याच क्लासमध्ये जूनच्या पहिल्या आठवड्यात तुम्ही सगळ्यांना गच्चीवर नेलंत सावली बघायला. आपलं इंदूर कर्कवृत्ताच्या थोडं दक्षिणेला आहे म्हणून इथे वर्षातून दोनदा सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो, एकदा जूनच्या ६-७ तारखेच्या आसपास आणि परत जुलैच्या सुरुवातीला, दिल्लीवाल्यांना हे कधीच दिसत नाही. मुलं बाराला जाऊन उभी राहिली आणि सावली होतीच, तेव्हा तुम्ही म्हणालात घड्याळ अलाहाबादच्या जवळून जाणाऱ्या रेषेचं आहे, ८२.५ अंश, आपण ७५.८ च्या आसपास, एका अंशाला चार मिनिटं, करा हिशोब. हिशोब केला तर साधारण १२ वाजून २५ मिनिटं आली आणि तेवढ्यालाच उभ्या ठेवलेल्या पाइपाची सावली त्याच्याच पायाखाली गेली. माझी मुलगी त्या दिवशी घरी येऊन आजीला उन्हात उभं करून परत समजावत होती (सूर्य थोडा सरकला होता तोवर, पण आजी ऐकत उभी राहिली). उज्जैनला वेधशाळा का बांधली असेल हे त्या दिवशी तिनं स्वतःहून विचारलं.

लॅबबद्दल पण लिहायलाच हवं. फिजिक्स केमिस्ट्री बायो तिन्हीला ७० ची थिअरी आणि ३० चं प्रॅक्टिकल असतं, आणि कितीतरी ठिकाणी ते ३० मार्क असेच मिळतात, फाइल बाहेरून उतरवून घ्यायची, रीडिंग ज्याला त्याला माहीत. तुम्ही ते होऊ दिलं नाहीत. पोटॅशियम परमँगनेट आणि ऑक्झॅलिक अॅसिडचं टायट्रेशन प्रत्येकानं आपल्या हातानं करायचं, फ्लास्क आधी गरम करायचा नाहीतर रंग जायला वेळ लागतो, आणि एक थेंब जास्त पडून गुलाबी गडद झालं तर पहिल्यापासून. सॉल्ट अॅनालिसिसला नायट्रेटची ब्राउन रिंग दिसेपर्यंत टेस्ट ट्यूब वाकडी धरून अॅसिड भिंतीवरून हळू सोडायचं. मुलगी सांगायची की रीडिंग चुकलं तर तुम्ही ओरडत नव्हता, पण रीडिंग खोडून दुसरं लिहिलं तर मात्र त्या दिवशीची पूर्ण एंट्री रद्द. शाळेत हे शिकणं माझ्या मते टक्क्यांपेक्षा मोठं आहे, आणि जे लोक डमी शाळेत घालतात त्यांची पोरं नेमकं हेच कधी करत नाहीत, याचं मला खरंच वाईट वाटतं.

सायन्स डेला, २८ फेब्रुवारीला, तुम्ही मुलांना कॅटला, म्हणजे सेंटर फॉर अॅडव्हान्स्ड टेक्नॉलॉजीला, घेऊन गेलात. आता त्याचं नाव राजा रामण्णा सेंटर आहे, पण रस्ता अजून कॅट रोडच आहे आणि आपणही कॅटच म्हणतो. १९८४ ची संस्था, आपल्या घरापासून एवढीशी लांब, आणि आम्ही कधी विचारसुद्धा केला नव्हता की आत काय चालतं. तिथे इंडस-२ आहे, साधारण १७२ मीटर घेराची रिंग, इलेक्ट्रॉन त्यात २.५ जीईव्ही एवढ्या एनर्जीपर्यंत जातात, चुंबक त्यांना वळवतात आणि वळताना ते एक्स-रे सोडतात, आणि अख्ख्या भारतात अशा सिंक्रोट्रॉन मशीन दोनच, इंडस-१ आणि इंडस-२, दोन्ही इथेच इंदूरला. तुम्ही मुलांना जाण्याआधी बारावीच्या पुस्तकातला मूव्हिंग चार्जेसचा धडा वाचून यायला लावलं होतं. आणि मग तिथे समजलं की त्याच एक्स-रेनं प्रोटीनच्या क्रिस्टलचा फोटो काढून त्याचा आकार शोधतात, त्यासाठी वेगळी बीमलाइन आहे, आणि त्या ठिपक्यांवरून आकार काढायला गणित लागतं, भरपूर गणित. पोरगी घरी आली ती एकच वाक्य बोलत, आई मला दोन्ही का हवं होतं ते मला आज कळलं. तोपर्यंत तिच्याकडे याचं उत्तर नव्हतं, नुसता हट्ट होता, आणि लोक विचारायचे तेव्हा ती गप्प बसायची.

अजून एक गोष्ट, जी तुम्हाला वाटत असेल कोणाला माहीत नाही. आमच्या ओळखीतला एक मुलगा, घरच्यांनी जबरदस्तीनं मॅथ्स दिलेलं, तो तुमच्याकडे येऊन रडला होता. तुम्ही त्याला सायन्सचे फायदे सांगत बसला नाहीत. त्याच्या बाबांना बोलावून स्पष्ट सांगितलंत की याला हिशोब आवडतात पण हे नाही आवडत, कॉमर्सला जाऊ द्या, अजून जुलै आहे. सायन्सच्याच टीचरनं हे म्हणावं याला हिंमत लागते. तो आज सीएची तयारी करतोय आणि छान चाललंय त्याचं. मला तुमच्याबद्दल जो विश्वास आहे तो यातून जास्त आला, कारण तुम्ही सब्जेक्ट विकत नव्हता, समोरचं पोर बघत होता.

बारावीत जेव्हा सगळे जेईई का नीट करत होते तेव्हा आयसरच्या, म्हणजे सायन्स शिकवणाऱ्या आणि रिसर्च करणाऱ्या सरकारी इन्स्टिट्यूटच्या, परीक्षेचं तुम्हीच सांगितलंत. त्यात फिजिक्स केमिस्ट्री मॅथ्स बायो चारही येतात, प्रत्येकाचे १५ प्रश्न, म्हणजे दोन्ही शिकलेल्या मुलीला तिथे काहीच परकं नाही. आमच्या घरात आयसर हे नावच कोणी ऐकलं नव्हतं, आणि एक तर भोपाळलाच आहे, २००८ पासून! तिची आयसरची बॅच सुरू झाली, पहिल्या वर्षी तिला चारही विषय आहेत, आणि ती म्हणते की हॉस्टेलमधल्या ज्या मुलींनी अकरावीत मॅथ्स सोडलं त्या रात्री तिच्याकडे डेरिव्हेटिव्ह समजून घ्यायला येतात आणि ती तुमच्या फरशीच्या चौकोनांनी आणि ग्राफच्या चढानंच शिकवते.

मॅडम, तुमच्या रिटायरमेंटला आता फार वेळ नाही असं ऐकलं. उन्हाळ्याचा क्लास बंद पडू नये असं आम्हा बऱ्याच पालकांना वाटतंय, शाळेनं वर्ग दिला नाही तर आमच्या सोसायटीचा हॉल सकाळी रिकामा असतो, मी सेक्रेटरींशी बोलून ठेवलंय, फळा पण आहे. मुलगी मे मध्ये सुट्टीवर येणार आहे आणि लॉग टेबलचे तास ती घेईन म्हणतेय, तुम्ही मागे बसून चुकलं तिथे थांबवायचं एवढीच तिची अट आहे. वेळ आठची ठेवू, नऊनंतर ऊन फार होतं. तुम्ही फक्त तारीख कळवा, पुस्तकं या वेळेला खजुरी बाजारातून आम्ही आणू.

तुमची,
एका विद्यार्थिनीची आई
सुदामा नगर, इंदूर