हद्दवाढीच्या मसुद्यात गावांचा अधिकार आधी लिहा

महोदय,

कोल्हापूरच्या हद्दवाढीचा विषय निघाला की, 1972 साली महापालिका झाली तेव्हापासून हद्द तसूभरही सरकलेली नाही, हे हमखास ऐकवले जाते आणि पाठोपाठ परदेशी शहरांचे दाखले येतात. दाखलाच द्यायचा तर फ्रान्समधील ल्यों शहराचा नीट पाहावा.

ल्योंला लागून टेकडीवर वसलेले क्र्वा-रूस हे रेशीम विणकरांचे स्वतंत्र नगर होते. नक्षीदार कापड विणणारे उंच जॅकार्ड माग मावावेत म्हणून तिथली घरे चार-चार मीटर उंच छतांची बांधली गेली. शहराची जकात तिथे लागू नसल्याने राहणेही स्वस्त पडे. मजुरीच्या दरावरून 1831 मध्ये आणि पुन्हा 1834 मध्ये विणकरांचे उठाव झाले. पुढे 24 मार्च 1852 च्या फर्मानाने क्र्वा-रूससह तीन नगरे ल्योंमध्ये घालण्यात आली, तेव्हा नागरी सोयींपेक्षा बंदोबस्ताची काळजी मोठी होती. त्याच फटक्यात खुद्द ल्योंचे महापौरपदही गेले आणि कारभार सरकारी अधिकाऱ्याच्या हाती आला. (नोव्हेंबर 2020 नंतर प्रशासकाचा कारभार अनुभवलेल्या कोल्हापूरकरांना याचे नवल वाटू नये.)

टेकडीचे नुकसानच झाले, असे मात्र म्हणता येणार नाही. 1862 मध्ये तिथे दोराने ओढली जाणारी रेल्वे आली, 1865 मध्ये टेकडी आणि शहर यांच्यामधला तट पाडून प्रशस्त रस्ता झाला. परंतु आपल्या भागापुरते का होईना, निवडून आलेले स्वतःचे मंडळ मिळायला 1982 चा कायदा यावा लागला, म्हणजे मध्ये 130 वर्षे गेली. आज क्र्वा-रूस हा ल्योंचा चौथा विभाग असून त्याला स्वतःचा महापौर आहे.

पाचगाव, मोरेवाडी, उचगाव या शहरालगतच्या गावांतील हद्दवाढीच्या विरोधाला नुसता आडमुठेपणा म्हणून मोडीत काढणे मला अन्यायाचे वाटते. घरफाळा वाढणार हे दिसते, ग्रामपंचायत जाणार हेही दिसते. बदल्यात काय मिळणार, हे मात्र कोणी लेखी देत नाही. शहराभोवतालच्या 42 गावांसाठी नेमलेल्या विकास प्राधिकरणाचा अनुभवही लोकांच्या मनात ताजा आहे. तीन लाखांवरील शहरांत प्रभाग समित्यांची तरतूद राज्यघटनेतच आहे. तेव्हा नव्या गावांची स्वतंत्र प्रभाग समिती, तिचा निधी आणि घरफाळ्याचे टप्पे अधिसूचनेपूर्वीच मसुद्यात नमूद करावेत आणि तो मसुदा प्रत्येक ग्रामसभेपुढे वाचून दाखवावा, अशी माझी शासनाला विनंती आहे.

– एक वाचक, कोल्हापूर