पुरणयंत्र आणि वीस फूट

ती. आई-बाबांना,
शि. सा. न.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "वाघ नाही, हत्ती नाही, मग कसली सर्कस?" मागे ट्रकमध्ये सामान चढत होतं, म्हणून गप्प बसले. आता सांगते. वाघ-अस्वलं कायद्यानंच कधीची गेली. आणि आपल्या देशातली सर्कस तर आपल्या सांगली जिल्ह्यातल्या माणसानं सुरू केली. अंकलखोपच्या विष्णुपंत छत्र्यांनी १८८० साली मुंबईत पहिला खेळ लावला. ते घोड्यांचे उस्ताद होते. आमच्या सर्कशीत घोडेही नाहीत, नुसती माणसं.

आमच्यात आधी कसरत ठरवून मग तिला गोष्ट चिकटवत नाहीत. जानेवारीत दिग्दर्शकानं आम्हा आठ जणांना गोल बसवून विचारलं, घर सोडायची वेळ आली तेव्हा काय उचललंत? मी २०१९ चा पूर सांगितला. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर, गावभागात दारात बोट, बाबांच्या हातात लाइटबिलांची फाइल, आणि आई, तू पुरणयंत्र छातीशी धरलेली! सगळे खो खो हसले. मग एकेकानं आपापलं सांगायला सुरुवात केली, तेव्हा कुणी हसेना.

त्यातूनच मधला प्रसंग झाला. वरून टांगलेलं कापड, गढूळ चहाच्या रंगाचं. सात जण खालून त्याच्या लाटा करतात आणि मी काखेत पुरणयंत्र घेऊन वर चढत जाते. आधी खरं पितळी घेतलं होतं. पण ते निसटलं तर खालच्याचं डोकं फुटायचं, म्हणून फायबरचं करून घेतलं. दांडा मात्र, आई, तुझ्या यंत्रासारखाच वाकडा.

शाळेत मल्लखांबाला एरंडेल चोपडायचो. इथं उलटं, हात घसरू नये म्हणून राळ लावायची. शेवटी कमरेभोवतीचे कापडाचे वेढे सुटत मी वीस फूट खाली येते आणि जमिनीपासून चार फुटांवर थांबते. माझं वजन ५२ किलो, पण त्या झटक्याला वरच्या हुकावर तीन-चार पट भार येतो. कुठल्याही नाट्यगृहाच्या छतावर एवढा भरवसा टाकता येत नाही. म्हणून आमचा लोखंडी सांगाडा आम्हीच गावोगाव नेतो. उभारायला पाच तास लागतात. वारा सुटला की कापडाचा प्रसंग रद्द, मग प्रेक्षक कितीही कुरकुरोत.

एक लपवलं होतं. मार्चमध्ये सरावात एक वेढा कमी घेतला आणि गादीवर खांद्यावर आपटले. सहा आठवडे हात वर जात नव्हता. "तालमी आहेत, नंतर बोलू" म्हणायचे ना, ते तेव्हाचं. रागवा हवं तर. आता वेढे मोठ्यानं मोजते, बाबा पाढे म्हणून घ्यायचे तसे. संगीतात ते प्रेक्षकांना ऐकू जात नाही.

शनिवारी साडेसहाला नेमिनाथनगरच्या मैदानावर या. तुमच्या खुर्च्या पाचव्या रांगेत ठेवल्यात. पुढं बसू नका, सारखं वर बघून आईची मान धरेल. आई, मी खाली येताना डोळे मिटलेस तरी चालेल, पण चढताना बघ.

प्रयोगाआधी आम्ही कुणी जेवत नाही. पिठलं-भाकरी आठ जणांची टाक. नववा दिग्दर्शक, त्याला तिखट सोसत नाही, त्याला दही.

तुमची,
ताई