तळ्याकाठी बसून सुरमई?

आपल्या रविवार पुरवणीतील तलावाकाठच्या हॉटेलांवरचा लेख वाचला. मित्रांसोबत पाण्याकाठी जेवण्याची मजा मान्यच. पण त्या ताटात तलाव कुठे असतो? गेल्या महिन्यात आम्ही चौघे नवेगावबांधच्या बाजूला अशाच एका हॉटेलात गेलो. समोर पाणी, पाण्यात मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजाचे डोंगे आणि मेनूकार्डावर पनीर, मंचुरियन व समुद्रातली सुरमई! तलावातली मरळ विचारली, तर वेटर हसला.

भंडारा-गोंदियातील मालगुजारी (म्हणजे गावच्या जमीनदारांच्या मालकीचे) तलाव कोहळी समाजाने धानाच्या पाण्यासाठी बांधले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, तलाव सरकारकडे आले. आज अनेक तलावांत ढिवरांच्या सहकारी संस्था मासेमारी करतात. त्यांचा मासा बाजारात दलालाच्या भावाने जातो आणि शंभर पावलांवरच्या हॉटेलात बाहेरून बर्फातला मासा येतो.

तलावाकाठची सरकारी जागा हॉटेलांना देताना मासे स्थानिक संस्थेकडूनच घेण्याची अट घालावी. स्वयंपाकघरात ढिवर बायांना काम मिळाले तर आणखी उत्तम. झिंग्यांची चटणी त्यांच्याइतकी चांगली कोणत्याही शेफला जमणार नाही.

– एक वाचक, अर्जुनी मोरगाव (जि. गोंदिया)